दिग्दर्शकाचं नाव कळलं, पण त्याच्या हातात काय आहे?

आमच्या घरात २०१६ पासून एक वाद चालू आहे. ‘स्टार ट्रेक’चा पुढचा चित्रपट कोणी दिग्दर्शित करावा? माझा भाचा म्हणतो, “मामा, ‘ड्यून’वाल्या डेनी व्हिलनव्हला द्या, विषय संपला.” मी म्हणतो, ज्याला स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांच्या भांडणातलं प्रेम कळत नाही, त्याला त्यांच्या एंटरप्राइज या अंतराळयानाच्या आसपासही फिरकू देऊ नका. जगभरचे चाहते गेली कित्येक वर्षं हेच करत आलेत. नावं बदलतात, बाजू त्याच राहतात. एका बाजूला मालिका अंगात मुरलेला घरचा माणूस हवा असतो, तर दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेला, ताज्या नजरेचा, मोठ्या नावाचा.

मी बरीच वर्षं पहिली बाजू घट्ट धरून होतो. मग एका पावसाळ्यात या चित्रपटांच्या निर्मितीच्या हकिकती ओळीने वाचून काढल्या, आणि आपण प्रश्न अर्धाच विचारतो आहोत हे लक्षात आलं. आपण नाव विचारतो. त्या नावाच्या हातात काय दिलं जाणार आहे, हे कोणी विचारत नाही. फ्रँचायझी चित्रपट म्हणजे काय, त्यात दिग्दर्शकाची निवड कशी होते आणि निवड झाल्यावर त्याला खरोखर काय ठरवता येतं, हे कळलं की या वादाचा रंगच बदलतो. म्हणून हा लेख.

ज्यांनी स्टार ट्रेक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कप्तान कर्क आणि त्याच्या एंटरप्राइजवरच्या मंडळींच्या अंतराळसफरींची, जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही टीव्ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तीन हंगाम, ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. पण पुनःप्रक्षेपणांमधून तिचा चाहतावर्ग वाढतच गेला. आपल्याकडे दूरदर्शनवर ती पाहिलेली पिढी आज पन्नाशीला आली आहे. १९७९ ते २०१६ या काळात तिच्यावर थिएटरसाठी तेरा चित्रपट निघाले आणि ते नऊ जणांनी दिग्दर्शित केले. म्हणजे आपल्या प्रश्नासाठी हाताशी तेरा प्रयोग आहेत. दुसऱ्या कुठल्याही विज्ञानपटमालेपेक्षा हा साठा मला जास्त उपयोगी वाटतो, कारण या तेरांत घरचे, बाहेरचे, अनुभवी, नवखे असे सगळ्या प्रकारचे दिग्दर्शक येऊन गेले आहेत.

मालक वेगळा, दिग्दर्शक वेगळा

दिग्दर्शक म्हटलं की माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर व्ही. शांताराम उभे राहायचे. राजकमल त्यांचं स्वतःचं. विषय त्यांनी निवडायचा, पैसा त्यांनी उभा करायचा, शेवटचा शब्द त्यांचा. चाहते जेव्हा ‘अमुक दिग्दर्शकाचा स्टार ट्रेक’ असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात नकळत असंच चित्र असतं.

फ्रँचायझीत तसं नसतं. नाव, पात्रं, जहाजाचा आकार, गणवेशावरची खूण, या सगळ्याची मालकी एका कंपनीकडे असते. स्टार ट्रेकच्या चित्रपटांच्या बाबतीत ती पॅरामाउंट. ही कंपनी आधी निर्माता नेमते. निर्माता लेखकाला कामाला लावतो. पुष्कळदा प्रदर्शनाची तारीखही जाहीर होते. आणि मग दिग्दर्शक शोधला जातो. एजंटांकडून नावं मागवली जातात, चार-सहा जणांना बोलावलं जातं, आणि प्रत्येक जण बंद खोलीत आपण हा चित्रपट कसा करू ते सांगतो. यालाच तिथे ‘पिच’ म्हणतात. कोणाची कल्पना आवडते, कोण त्या तारखांना मोकळा आहे, कोणाचा मागचा चित्रपट चालला, कोण स्टुडिओशी जमवून घेईल, या सगळ्याची गोळाबेरीज होऊन नाव ठरतं.

मराठी नाटकाची आवड असणाऱ्यांना हे लगेच समजेल. एखादं गाजलेलं नाटक नव्या संचात येतं, तेव्हा संहिता ठरलेली असते, हक्क निर्मात्याने घेतलेले असतात आणि प्रेक्षकाला अर्धे संवाद पाठ असतात. त्यात नाट्यगृहाच्या तारखा हातात आल्या असतील, तर नाटक त्या तारखेला उभं राहिलंच पाहिजे. अशा वेळी आलेला दिग्दर्शक कितीही प्रतिभावान असो, तो मोकळ्या मैदानात खेळत नसतो. पहिल्या प्रयोगानंतर मात्र लोक त्याच्याच नावाने बोलतात.

पहिला चित्रपट: एवढं मोठं नाव, आणि तरीही

१९७९चा ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’ रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केला. ‘सिटिझन केन’चे संकलक, ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर, शिवाय १९५१ मध्ये ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’सारखा विज्ञानपट नावावर. आजच्या चाहत्यांनी स्वप्नातली यादी केली तर त्या काळचं हेच नाव सर्वांत वर असतं.

आता त्यांच्या हातात काय होतं ते पाहा. ऑगस्ट १९७८ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथेचा शेवट पक्का नव्हता. सेटवर रोज बदललेली पानं येत. चित्रपट ७ डिसेंबर १९७९ला लावण्याचा शब्द पॅरामाउंटने थिएटरवाल्यांना दिला होता आणि त्यापोटी त्यांच्याकडून पैशाची हमीही घेतली होती. तारीख एक दिवसही हलवणं शक्य नव्हतं. अशात दृश्यपरिणामांचं काम दिलेल्या कंपनीकडून ते होईना, म्हणून ऐन वेळी डग्लस ट्रम्बुल आणि जॉन डायक्स्ट्रा यांच्या चमूंना बोलावून ते काही महिन्यांत रेटून पूर्ण करून घ्यावं लागलं. वाइज यांना चित्रपट पुरता जोडून प्रेक्षकांसमोर तपासायलाही वेळ मिळाला नाही. वॉशिंग्टनच्या पहिल्या खेळाला नुकतीच तयार झालेली प्रिंट नेली गेली.

खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर. पैसे वसूल झाले, पण ‘संथ’ हा शिक्का कायमचा बसला. त्या संथपणाचं एक कारण साधं आहे. परिणामदृश्यं इतक्या उशिरा हातात आली की ती कापून, घट्ट करून बसवायला दिवसच उरले नाहीत. वाइज यांनी आपल्या मनासारखं संकलन पूर्ण केलं ते २००१ मध्ये, बावीस वर्षांनी. ती आवृत्ती पाहिली तेव्हा मला या माणसाबद्दल फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण ज्याला नावं ठेवत होतो ते काम त्याच्या दृष्टीने झालेलंच नव्हतं.

याच चित्रपटात इलायाच्या भूमिकेसाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवणारी अभिनेत्री मुंबईची होती. पर्सिस खंबाटा, १९६५ची फेमिना मिस इंडिया. एंटरप्राइजवर आपल्या मुंबईची मुलगी होती, हे मी भाच्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटलं नव्हतं.

बारा दिवस

पहिल्या चित्रपटाच्या खर्चाने पोळलेल्या पॅरामाउंटने दुसरा टीव्हीच्या शिस्तीत करायचं ठरवलं. रॉडनबेरी यांना सल्लागाराच्या खुर्चीत बसवलं आणि हार्व्ह बेनेट या टीव्हीतल्या निर्मात्याला आणलं. बेनेट यांनी मालिका पाहिलेली नव्हती. त्यांनी सगळे ७९ भाग बसून पाहिले. त्यांतल्या १९६७च्या एका भागातला खलनायक खान त्यांच्या मनात बसला.

दिग्दर्शक म्हणून आले निकोलस मायर. कादंबरीकार माणूस, वय पस्तिशीच्या आसपास, नावावर दिग्दर्शक म्हणून एकच चित्रपट. स्टार ट्रेकशी त्यांचा काही संबंध नव्हता. आज असं नाव जाहीर झालं तर आम्ही चाहते काय गोंधळ घालू याची मला पूर्ण कल्पना आहे, कारण त्या गोंधळात मी स्वतः असेन.

मायर आले तेव्हा पटकथेचे बरेच खर्डे तयार होते आणि एकही चालण्यासारखा नव्हता. इकडे परिणामदृश्यं करणाऱ्या कंपनीने कळवलं की बारा दिवसांत पटकथा मिळाली नाही तर जूनमध्ये चित्रपट थिएटरात जाणार नाही. मायर यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि प्रत्येक खर्ड्यात तुम्हाला काय आवडलं ते सांगा म्हणाले. एखादा प्रसंग, एखादं पात्र, एखादं वाक्य, काहीही. त्या यादीवरून त्यांनी बारा दिवसांत नवी पटकथा लिहिली. लेखक म्हणून नाव घेतलं नाही, लेखनाचे पैसेही घेतले नाहीत. करार-मदारात वेळ घालवला असता तर बारा दिवस त्यातच गेले असते.

‘दिग्दर्शकाची दृष्टी’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. इथे ती दृष्टी बोट ठेवून दाखवता येते. मायर यांना लहानपणापासून होरेशिओ हॉर्नब्लोअर या आरमारी कप्तानाच्या कादंबऱ्या आवडायच्या. स्टार ट्रेक म्हणजे अंतराळातली हॉर्नब्लोअरची गोष्ट, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि मग प्रत्येक निर्णय त्या एका वाक्यावरून घेतला. गणवेश आरमारी झाले. जहाजावर घंटा आणि शिट्ट्या आल्या. अंतराळातली लढाई विमानांसारखी न होता धुक्यात एकमेकांना हुडकणाऱ्या पाणबुड्यांसारखी झाली. आणि कप्तान कर्क पहिल्यांदाच म्हातारा होताना दिसला. वाढदिवसाला त्याला चष्मा भेट मिळतो, हा साधासा प्रसंग त्या पात्राचं सगळं वय सांगून जातो.

नटांकडून काम काढून घेणं ही दिग्दर्शकाची दुसरी खरी ताकद, आणि ती बाहेरून दिसत नाही. कर्क झालेले विल्यम शॅटनर पहिल्या एक-दोन टेकमध्ये जरा जास्तच ‘अभिनय’ करतात, हे मायर यांनी ओळखलं. ते काही ना काही निमित्त काढून पुन्हा पुन्हा टेक घेत. शॅटनर थकले की अभिनयाचा आव गळून पडे आणि उरे तो खरा कर्क. हे मायर यांनी स्वतः सांगितलं आहे. शेवटच्या भागात काचेच्या अल्याड कर्क आणि पल्याड मरणारा स्पॉक, हा प्रसंग पाहताना मला हे दर वेळी आठवतं.

‘द रॅथ ऑफ खान’ ४ जून १९८२ रोजी आला. पहिल्या चित्रपटाच्या पाव-एक खर्चात तो झाला होता. पहिल्याचे सेट रंगवून वापरले, अंतराळातली काही दृश्यंही तिथलीच उचलली. आजही चाहत्यांच्या मते मालेतला सर्वोत्तम चित्रपट हाच. इतकी पडती परिस्थिती असून तो का जमला? वाइज यांच्याकडे पैसा होता, पण कथा आणि वेळ नव्हता. मायर यांच्याकडे पैसा नव्हता, वेळ तर नव्हताच, पण कथा पूर्णपणे त्यांच्या मुठीत आली. घरचा की बाहेरचा या वादापेक्षा मला हा फरक कितीतरी जास्त काही सांगून जातो.

कानाऐवजी कॅमेरा

तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी लेनर्ड निमॉय यांनी दिग्दर्शन मागितलं. टोकदार कानांचा स्पॉकच स्वतः. त्याहून घरचा माणूस कुठून आणणार? पण पॅरामाउंटचे मायकल आइस्नर यांचं मन तयार होईना. निमॉय यांना स्टार ट्रेकचा तिटकारा आहे आणि मागच्या चित्रपटात स्पॉकला मारण्याची अट त्यांनीच करारात घातली होती, अशी आइस्नर यांची समजूत होती. निमॉय यांनी सांगितलं की करार तुमच्याच इमारतीत आहे, काढून वाचा, अशी अट त्यात नाही. मग काम मिळालं. विचार करा, एका ऐकीव गोष्टीवरून हा माणूस बाद झाला असता.

निमॉय यांनी तिसरा आणि चौथा केला. १९८६चा चौथा, ‘द व्हॉयेज होम’, मला फार प्रिय आहे. त्यात खलनायक नाही, लढाई नाही. देवमाशांना वाचवायला आलेली ही मंडळी विसाव्या शतकातल्या सॅन फ्रान्सिस्कोत गोंधळून फिरतात, एवढीच गोष्ट. बाहेरच्या माणसाला एवढं हलकं होण्याचं धाडस झालं नसतं असं मला वाटतं. ही पात्रं रस्त्यावर नुसती चालली तरी लोक हसतील, हे त्यांच्याबरोबर वीस वर्षं घालवलेल्यालाच माहीत असणार.

आणि इथेच एक गंमत आहे, जिच्यामुळे पाचव्या चित्रपटाचा दिग्दर्शक ठरला. शॅटनर आणि निमॉय यांच्या करारात ‘फेव्हर्ड नेशन्स’ नावाचं कलम होतं. एकाला जे मिळेल ते दुसऱ्यालाही मिळायला हवं, असा त्याचा अर्थ. मूळचं ते मानधनाच्या वगैरे बाबतीतलं. पण निमॉय यांना दिग्दर्शन मिळालं म्हटल्यावर शॅटनर यांचाही हक्क उभा राहिला, आणि १९८९चा ‘द फायनल फ्रंटियर’ त्यांच्याकडे आला. त्यासाठी ना पिच झाली, ना कोणी यादी केली. करारातल्या एका ओळीने दिग्दर्शक नेमला.

तो चित्रपट फसला. त्यात शॅटनर यांची चूक होतीच, देवाच्या शोधात निघण्याची मूळ कल्पना त्यांचीच आणि ती पेलली नाही. पण १९८८चा लेखकांचा संप मध्ये आला, नेहमीची परिणामदृश्यांची कंपनी दुसऱ्या कामांत अडकलेली होती, आणि शेवटासाठी योजलेले दगडी राक्षस पैशाअभावी काढून टाकावे लागले. म्हणजे चित्रपटाचं शिखरच गेलं. सहाव्यासाठी पुन्हा मायर यांना बोलावलं, त्यांनी १९९१ मध्ये शीतयुद्धाच्या शेवटावर बेतलेली सुंदर गोष्ट केली आणि जुन्या मंडळींना निरोप दिला.

पुढच्या पिढीच्या नव्या स्टार ट्रेक मालिकेतले जोनाथन फ्रेक्स हेही नटच. पण ते सेटवर आपलं काम संपल्यावर घरी जात नसत. इतर दिग्दर्शकांच्या मागे उभं राहून, संकलनाच्या खोलीत तासन् तास बसून ते शिकले, मग मालिकेचे भाग केले आणि १९९६ मध्ये ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’. उत्तम चित्रपट. त्याच फ्रेक्स यांचा १९९८चा पुढचा चित्रपट मात्र साधारणच झाला. माणूस तोच, प्रेम तेच, पटकथा कच्ची.

बाहेरचा माणूस, दुसऱ्यांदा

मायर यांच्या उदाहरणावरून कोणी म्हणेल, मग बाहेरचाच माणूस आणावा. तेही करून झालं आहे. २००२ मध्ये ‘नेमेसिस’साठी स्टुअर्ट बेअर्ड आले. ‘सुपरमॅन’, ‘लीथल वेपन’ अशा चित्रपटांचे नावाजलेले संकलक. त्यांनाही मालिकेची ओळख नव्हती. पण त्यांच्या हाती तयार पटकथा आली आणि ती मुळापासून बदलण्याचं काम त्यांचं नव्हतं. मायर यांनी अनोळखी जगाला आपला हॉर्नब्लोअर दिला. बेअर्ड यांच्याकडे देण्यासारखं असं काही होतं की नाही हे कळायलाही वाव राहिला नाही. मुख्य भूमिकांतल्या कलाकारांनी पुढे उघडपणे नाराजी बोलून दाखवली. वर चित्रपट लागला १३ डिसेंबरला, आणि पाचच दिवसांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा भाग आला. सुमारे सहा कोटी डॉलरचा खर्च कसाबसा निघाला आणि माला सात वर्षं थांबली.

तेव्हा मी खूप चिडलो होतो, सगळा राग बेअर्ड यांच्यावर काढला होता. आज ती तारीख कोणी ठरवली असेल, असा प्रश्न आधी पडतो.

चाहत्यांचा अंदाज किती चुकू शकतो याचं उदाहरण तेरावा चित्रपट, ‘बियाँड’. २००९ आणि २०१३चे दोन जे. जे. अब्राम्स यांनी केले. त्यांनी तर आपण लहानपणी ‘स्टार वॉर्स’वाले होतो हे उघड सांगितलं होतं. त्यांच्यानंतर तिसऱ्यासाठी आधी लेखक रॉबर्टो ऑर्सी यांचं नाव होतं, मग जस्टिन लिन आले. मोटारींच्या शर्यतींच्या ‘फास्ट अँड फ्युरियस’वाले. पहिली झलक मोटारसायकल आणि धिंगाणा संगीताची निघाली आणि चाहते संतापले, की झालं, आता एंटरप्राइजला नायट्रो लावणार. आणि खरं काय होतं? लिन तैवानमधून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातले. आईवडिलांचं छोटं खाण्याचं दुकान. रात्री दुकान बंद झाल्यावर सगळे एकत्र जेवत आणि स्टार ट्रेकचे जुने भाग पाहत. म्हणजे आम्ही ज्याला उपरा म्हणत होतो तो आमच्यापेक्षा जुना भक्त निघाला. ‘बियाँड’ पाहिला आणि त्यातला आपसातल्या जिव्हाळ्याचा सूर ऐकून मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. चित्रपट मात्र खर्चाच्या मानाने कमी चालला, आणि आमच्या घरातला वाद तेव्हापासूनचा.

२०१६ नंतर नावं आली ती अशी. क्वेंटिन टॅरंटिनो यांनी एक कल्पना मांडली, तिच्यावर पटकथाही लिहून झाली, मग ते बाजूला झाले. २०१८ मध्ये एस. जे. क्लार्कसन, या मालेतली पहिली स्त्री दिग्दर्शक होणार होत्या. मुख्य नटांशी मानधनाची बोलणी फिसकटली आणि चित्रपट गुंडाळला गेला. मग नोआ हॉली आले आणि थांबले. २०२१ मध्ये मॅट शॅकमन, प्रदर्शनाच्या तारखेसकट. ऑगस्ट २०२२ मध्ये तेही दुसऱ्या चित्रपटाकडे गेले. प्रत्येक नावावर आम्ही घसा कोरडा होईपर्यंत भांडलो. यांतल्या एकाही चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण एक दिवसही झालं नाही. अडलं ते मानधन, वेळापत्रक आणि स्टुडिओतल्या बदलत्या इच्छांमुळे.

शेवटची कात्री

‘स्टार वॉर्स’वाल्यांचीही हीच कथा आहे. १९८३च्या तिसऱ्या चित्रपटासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग का नव्हते, असं लोक विचारतात. आधीच्या चित्रपटात दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांचं नाव सुरुवातीला न देता शेवटी दिलं, म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड केला, आणि चिडून जॉर्ज लुकास संघटनेतून बाहेर पडले. त्यानंतर संघटनेच्या सदस्याला घेणं अवघड झालं. डेव्हिड लिंच यांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. शेवटी वेल्सचे रिचर्ड मार्क्वांड आले. श्रेयनामावलीतल्या एका नावाच्या जागेवरून एवढं सगळं घडलं.

आणि २०१७ मध्ये ‘सोलो’चं काय झालं ते आठवा. फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर यांनी कित्येक महिने चित्रीकरण केलं, सेटवर सुचेल तसं नटांना खेळू देण्याची त्यांची पद्धत मालकांना मानवली नाही, आणि जूनमध्ये त्यांना काढून रॉन हॉवर्ड यांना आणलं. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून हॉवर्ड यांचंच नाव आहे. चाहत्यांनी लॉर्ड-मिलर यांच्या नावाने आनंद केला होता, आणि ज्या पद्धतीसाठी केला होता तीच पद्धत चालली नाही.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. हॉलिवूडच्या संघटनेच्या नियमाने दिग्दर्शकाला चित्रीकरणानंतर साधारण दहा आठवडे आपल्या मनासारखा चित्रपट जोडून दाखवण्याचा हक्क असतो. तेवढे दिवस कोणी मध्ये बोलत नाही. त्यानंतर मात्र स्टुडिओ बदल सुचवू शकतो, नवी दृश्यं चित्रित करून घेऊ शकतो, शेवट फिरवू शकतो. शेवटचा शब्द, ज्याला ‘फायनल कट’ म्हणतात, तो फार थोड्या दिग्दर्शकांच्या करारात असतो, आणि एवढा पैसा लागलेल्या मालेत तर मालक तो सहसा सोडत नाही. म्हणून एखाद्या नावाबद्दल वाचताना मी आता तीन गोष्टी शोधतो. हा माणूस लिहितोही आहे का? तारीख आधीच जाहीर झाली आहे का? आणि निर्माता कोण आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली या जोडीचं नाव आलं तेव्हा भाचा हिरमुसला. त्याला व्हिलनव्हच हवे होते. मी मात्र बातमी दोनदा वाचली. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन तिन्ही त्यांच्याकडे, आणि गोष्ट आधीच्या कुठल्या चित्रपटाला बांधलेली नाही. २०२३ मधल्या त्यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एक भांडखोर टोळी हळूहळू कुटुंब होते, ते त्यांनी छान जमवलं होतं. मला आशा वाटते.

“पण मामा,” भाचा म्हणाला, “मायरना तर सगळं मिळालं होतं ना? मग ‘खान’ संपूर्ण त्यांचाच म्हणायचा.”

तसंही नाही. मायर यांच्या मते स्पॉक मेला तो मेला. प्रेक्षकांना मृत्यू दाखवून नंतर तो परत येईल अशी आशा लावणं त्यांना लबाडी वाटत होती. पण चाचणीच्या खेळानंतर सगळ्यांना वाटलं की शेवट फार जड होतोय. मायर यांनी विरोध केला, मग हरकत मागे घेतली, पण आशा जागवणारं ते नवं शेवटचं दृश्य त्यांच्याशिवाय चित्रित झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये, हिरव्यागार झाडीत, धुक्यात, स्पॉकची शवपेटी शांतपणे विसावलेली. त्याआधी सेटवर बेनेट यांनी निमॉय यांना विचारलं होतं की पुढच्यासाठी एखादा धागा ठेवता येईल का, आणि निमॉय यांनी मॅकॉयच्या चेहऱ्यावर हात ठेवून एकच शब्द उच्चारला होता, “लक्षात ठेव.”

त्या पेटीवरून तिसरा चित्रपट निघाला, तो निमॉय यांना मिळाला, आणि त्यातूनच पुढे देवमासे आले. मी भाच्याला ते शेवटचं दृश्य लावून दाखवलं. तो म्हणाला, हे सगळ्यात सुंदर आहे. मी म्हटलं, हो, आणि ते दिग्दर्शकाला नको होतं.